घरी वेल्डिंग शिकायचंय: मशीन कुठलं, काच कुठली, सुरुवात कशावर?

रानवेल (सोमवार, सकाळी ७.१०)

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात आमचं रान आहे. दोन म्हशी, एक गाय, एक गोठा. मागच्या महिन्यात गोठ्याच्या फाटकाची खालची बिजागरी निखळली. गावातला वेल्डर उसाच्या ट्रॉल्यांमध्ये अडकलेला, 'उद्या येतो' म्हणत त्याचे अकरा दिवस गेले. तोवर फाटक सुतळीनं बांधून ठेवलं होतं. एका रात्री म्हशीनं सुतळी तोडली आणि ती थेट शेजाऱ्यांच्या हरभऱ्यात. भरपाई दिली, वर बोलणी खाल्ली.

त्या दिवशी ठरवलं, हे काम आपल्या हाताला यायलाच हवं. ठिबकची दुरुस्ती, पंपाचं पॅकिंग मी स्वतः करते. पण वेल्डिंग कधी केलेलं नाही. करायच्या गोष्टी अशा: फाटक, दोन खिडक्यांच्या जाळ्या, नंतर जमलं तर चाऱ्याची गव्हाण. माल म्हणजे ५ मिमीचा अँगल आणि २ मिमी जाडीचा स्क्वेअर पाईप. घरी सिंगल फेज आहे.

मशीन कुठलं घेऊ? सुरक्षेसाठी काय काय लागतं? आणि शिकायला सुरुवात कशावर करू? सासरे म्हणतात, डोळे जातील. त्यांची भीती खोटी आहे असं मला वाटत नाही, म्हणूनच आधी विचारतेय.

चहाबाज (सोमवार, ७.३२)

हरभरा कसा होता, म्हशीला विचारलंत का? :) धागा पकडून बसतो, मलाही शिकायचंय.

भोसरीकर (सोमवार, ९.०५)

ताई, माझं फॅब्रिकेशनचं शॉप आहे, बावीस वर्षं झाली. पहिली गोष्ट, सासऱ्यांचं ऐका. मशीन नंतर घ्या, काच आधी घ्या.

काचेचं असं आहे. हातात धरायची शिल्ड किंवा डोक्यावरचं हेल्मेट, आत ११ नंबरची काळी काच. कमी अँपिअरला १० चालते. तिच्या पुढे साधी पांढरी काच बसवायची, ठिणग्या तिच्यावर पडतात. ती डागाळली की दहा-वीस रुपयांत बदलता येते. काळ्या काचेला तडा गेला तर ती टाकून द्यायची, चिकटपट्टी लावून वापरायची नाही. गॉगल चालत नाही, कितीही काळा असो. गॅस कटिंगचा हिरवा चष्माही आर्कला (रॉड आणि लोखंडामध्ये पेटणाऱ्या विजेच्या झोताला) चालत नाही, तो ५ नंबरचा असतो.

हातात चामड्याचे लांब ग्लोव्हज, मनगटाच्या वरपर्यंत येणारे. कपडे सुती. नायलॉन, टेरीकॉट अजिबात नको, ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतं. ओढणी नको, पदर नको. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, केसांना सुती रुमाल. पॅन्टची घडी दुमडलेली नको, ठिणग्या त्या घडीतच जाऊन बसतात. चपला नकोत, बूट हवेत.

मशीन: २०० अँपिअरचं सिंगल फेज वेल्डिंग इन्व्हर्टर घ्या, घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे. पाच-सात किलोचं असतं, खांद्याला अडकवून रानात नेता येतं. खोक्यावर आकडा मोठा लिहिलेला असला तरी ड्यूटी सायकल बघा. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं चालवायचं, चार मिनिटं गार करायचं.

रॉड (वितळून जोड भरणारी, वर लेप असलेली सळई): ६०१३, अडीच मिमी. सुरुवातीला दुसरं काही नको. ६० हा आकडा ताकदीचा, म्हणजे ६०,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड). १ म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर, कुठल्याही स्थितीत चालतो. शेवटचा आकडा वरच्या लेपाचा आणि करंटचा. हा रॉड नवख्या हाताला सांभाळून घेतो. अडीच मिमीला ६० ते ९० अँपिअर, सव्वातीन मिमीला ९० ते १३०. तुमच्या अँगलला अडीचचा रॉड ८० वर, पाईपला ६०-६५ वर.

बाकी लागतं ते चिपिंग हातोडी, वायर ब्रश, दोन सी क्लॅम्प, गुण्या आणि चार इंची ग्राइंडर.

परदेशी पाखरू (सोमवार, ११.४८)

मी ओहायोत राहतो, गॅरेजमध्ये हौसेनं वेल्डिंग करतो. माझं मत थोडं वेगळं आहे. नवख्या माणसानं मिगनं (रॉडऐवजी वायर आणि गॅस वापरणाऱ्या वेल्डिंगनं) सुरुवात करावी. वायर आपोआप येत राहते, रॉड चिकटायचा प्रश्न नाही, स्लॅग (रॉडच्या लेपाचा जोडावर जमणारा पापुद्रा) काढायची कटकट नाही. मी एका शनिवार-रविवारात बऱ्यापैकी रन (वेल्डिंगची सलग ओळ) मारायला शिकलो.

भोसरीकर (सोमवार, १२.२०)

@परदेशी पाखरू, गॅरेजात बसून कराल तर तुमचं बरोबर आहे. ताई उघड्या रानात करणार. मिगचा गॅस वाऱ्यानं उडतो आणि जोडात भोकं पडतात. सिलिंडर संपला की वाळव्यातून सांगली किंवा इस्लामपूर गाठायचं. आणि मिगला माल स्वच्छ लागतो, गोठ्यातला अँगल गंजलेला असणार. रॉडच्या लेपातून स्वतःचा धूर निघतो आणि तोच वितळलेल्या लोखंडाला हवेपासून झाकतो. रानातल्या कामाला रॉडच.

परदेशी पाखरू (सोमवार, १२.४१)

वाऱ्याचा मुद्दा मान्य. बिनगॅसची फ्लक्सवाली वायरही मिळते, पण ती तिथे तालुक्याला मिळेल का हा प्रश्न आहेच. माघार.

वायरमन (सोमवार, दुपारी २.१५)

नाशिकहून. विजेचं मी सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही.

अडीच मिमीचा रॉड ८० अँपिअरवर चालवलात तर मशीन भिंतीतून साधारण १३-१५ अँपिअर ओढतं. म्हणजे १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागणार, स्वतंत्र एमसीबीसह (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). पंख्याच्या बोर्डात खुपसू नका. एक्स्टेंशनची वायर किमान अडीच स्क्वेअर मिमी, वीस मीटरच्या पुढे जायचं असेल तर चार. आणि ती गुंडाळीवरून पूर्ण सोडायची. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते, गुंडाळीच्या गुंडाळी वितळलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर्कशॉपमध्ये जोडायच्या लोखंडाला लावायच्या क्लॅम्पला सगळे 'अर्थिंग' म्हणतात. त्यामुळे लोकांचा समज होतो की मशीनला अर्थिंग झालं. झालेलं नसतं. तो क्लॅम्प म्हणजे करंट मशीनकडे परत यायची वाट आहे, बाकी काही नाही. खरं अर्थिंग तीन पिनेच्या प्लगातल्या जाड पिनेतून जातं. ती पिन काढून टाकलेली असेल, किंवा तुमच्या घराचा अर्थिंगचा खड्डा चार वर्षं कोरडा असेल, तर मशीनच्या पेटीत वीज उतरली की ती तुमच्या अंगातून जाईल. खड्ड्यात आधी पाणी ओता, शक्यतो वायरमन बोलावून तपासून घ्या.

दुसरं, घरात ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे म्हणून होल्डरच्या, म्हणजे रॉड धरायच्या पकडीच्या, बाजूनं निर्धास्त राहू नका. मशीनच्या आतला ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजू वेगळ्या करतो, त्यामुळे होल्डरचा झटका ईएलसीबीला कळतच नाही. मशीन चालू असलं की रॉडच्या टोकाला ६०-७० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते फारसं जाणवत नाही. घामानं भिजलेल्या ग्लोव्हजला आणि ओल्या गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाला जाणवतं. रॉड बदलताना कोरडे ग्लोव्हज, पायाखाली कोरडी फळी.

रानवेल (सोमवार, ३.०२)

@वायरमन, अर्थिंगचं हे मला आजवर माहीतच नव्हतं. आमच्या पंपाच्या प्लगाची मोठी पिन यांनी कापलेली आहे, सॉकेटात बसत नाही म्हणून. आज संध्याकाळी नवीन प्लग आणते.

गोठा कायम ओला असतो. म्हणजे काम बाहेर अंगणात करू?

वायरमन (सोमवार, ३.१०)

बाहेरच. फाटक काढून अंगणात आणा. जागेवरच करावं लागलं तर जनावरं आधी लांब बांधा. गुरांना आपल्यापेक्षा फार कमी व्होल्टचा झटका सोसत नाही, चार पाय जमिनीवर, तेही ओल्यात. गोठ्याच्या लोखंडी खांबाला साखळीनं बांधलेली म्हैस आणि त्याच खांबाला तुमचा क्लॅम्प, असं कधीही होऊ देऊ नका. क्लॅम्प जोडाच्या जितका जवळ तितकं चांगलं, आणि गंज घासून लावायचा.

अण्णा_उद्यमनगर (सोमवार, रात्री ८.४५)

पोरी, मी कोल्हापूरचा. आयटीआयला वेल्डर ट्रेड शिकवला, एक वर्षाचा कोर्स असतोय. शेकडो पोरांच्या हातात पहिला रॉड दिला. वरचं सगळं बरोबर आहे, आता हाताचं सांगतो.

आधी मशीन बंद ठेवून शिल्ड लावून बस. होल्डर हातात, नवीन रॉड त्यात. पाटावर खडूनं रेघ ओढ आणि रॉडचं टोक त्या रेघेवरनं सावकाश चालव. रॉड जळून आखूड होत जातोय, म्हणजे हात पुढं जाताना खालीबी उतरला पाहिजे. हे दोन्ही एकाच वेळी जमायला दहा मिनिटं अशीच सुकी घालव. लई पोरं इथंच घाई करतात.

मग ६ मिमीच्या पट्टीवर. जोडायचं काय बी नाही, नुसत्या रेघा मारायच्या. आर्क लावताना आगपेटीची काडी घासतो तसं घास आणि लगेच थोडं उचल. उचललं नाही तर चिकटतोय, जास्त उचललं तर विझतोय. रॉडच्या जाडीइतकंच अंतर ठेव. आवाज ऐक. तापल्या कढईत भजी सोडल्यावर चर्रर्र आवाज येतो, एकसारखा, तसा आला की अंतर बरोबर. फटफट, तडतड व्हायला लागलं की रॉड लांब गेला. मी वर्गात डोळं मिटून बसायचो आणि आवाजावरनं सांगायचो कोण चुकतंय ते.

रॉड ज्या दिशेला न्यायचा तिकडं वरनं थोडा कलता, दहा-पंधरा अंश. झगमगाटाकडं बघू नको. त्याच्या मागं वितळलेल्या लोखंडाचं डबकं असतंय, त्याच्या मागच्या कडेला नजर ठेव. ते डबकं रॉडच्या दुप्पट-अडीचपट रुंद ठेवायचं. हात पळवला तर दोरीसारखी बारीक ओळ वर बसती, खाली धरलेलं काहीच नसतंय.

रॉड चिकटला तर घाबरून शिल्ड काढायची नाही. मनगटाला झटका दे. नाहीच निघाला तर होल्डरचा दांडा दाबून रॉड सोडून दे, मग शिल्ड काढ.

पाकिटभर रॉड असेच जाळ. पैसे वाया गेले म्हणू नको, ती फी आहे.

खारा वारा (सोमवार, ९.३०)

अण्णा, प्रणाम. भज्यांचा आवाज आता डोक्यातून जाणार नाही.

डोळ्यांबद्दल माझा अनुभव लिहितो. रत्नागिरीत घराच्या पडवीवर पत्र्याचं काम चालू होतं. मी वेल्डरला फक्त पाईप धरून देत होतो, तोंड बाजूला वळवून. मला वाटलं, आपण आर्ककडे बघितलंच नाही, मग काय होणार. तासभर धरला असेल. संध्याकाळी काही नाही, जेवलो, झोपलो. रात्री दोनला जाग आली ती डोळ्यांत कुणीतरी वाळू आणि तिखट एकत्र टाकल्यासारखं झाल्यानं. पापणी उघडवेना, मिटली तरी खुपायची, पाणी सारखं वाहतंय. आईनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. गारव्यानं पाच मिनिटं बरं वाटलं, पुन्हा तेच. सकाळपर्यंत मी भिंतीला टेकून बसून होतो. बाजूचा चकचकीत पत्रा आरशासारखं काम करत होता, हे नंतर डॉक्टरांनी विचारल्यावर लक्षात आलं.

निशिगंध (सोमवार, १०.१२)

मी नेत्रतज्ज्ञ आहे. @खारा वारा यांनी वर्णन अगदी अचूक केलंय. आर्कमधली अतिनील किरणं बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, कॉर्नियाचा, वरचा थर भाजतात. उन्हानं कातडी भाजते तसंच, फक्त हे काही सेकंदांतही होऊ शकतं. त्रास लगेच होत नाही, साधारण ६ ते १२ तासांनी सुरू होतो, म्हणून लोक मध्यरात्री आमच्याकडे येतात. बहुतेकांचा वरचा थर २४ ते ४८ तासांत भरून येतो.

करायचं काय: अंधाऱ्या खोलीत आराम, बंद डोळ्यांवर स्वच्छ गार पट्टी, चोळायचं नाही. बटाटा, कांदा, गुलाबपाणी, अंगावरचं दूध, यातलं काहीही डोळ्यांत नको. वरचा थर उघडा पडलेला असतो, जंतुसंसर्ग झाला तर दोन दिवसांचं दुखणं महिन्याचं होतं. आणखी एक. बधिर करणारे थेंब मित्राकडून आणून घालणारे पेशंट मी पाहते. वेदना थांबते, पण जखम भरायची थांबते आणि कॉर्निया विरघळत जाऊ शकतो. ते थेंब तपासणीपुरते असतात, घरी न्यायचे नसतात.

दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढत असेल, नजर धूसर असेल किंवा ग्राइंडिंग करताना काही उडाल्याची शंका असेल तर तडक डॉक्टर. लोखंडाचा कण काही तासांत कॉर्नियावर गंजाचं वलय धरतो. टाचणीनं काढणारे 'कारागीर' प्रत्येक एमआयडीसीत असतात. त्यांच्याकडे जाऊ नका, कळकळीनं सांगते.

रानवेल, बघणाऱ्यांचीही सोय करा. मुलं, सासरे, फाटक धरणारं माणूस. एक जादा शिल्ड घ्याच.

नवीन_गडी (मंगळवार, सकाळी ६.५०)

आमच्याकडचे वेल्डर टाका (तात्पुरता छोटा जोड) मारताना शिल्ड घेतच नाहीत, डोळे मिटून मान वळवतात. एका सेकंदानं काय होतं?

भोसरीकर (मंगळवार, ८.१५)

@नवीन_गडी, एका टाक्यानं कळत नाही. एका जाळीला साठ टाके असतात आणि दिवसाला तीन जाळ्या. डोळा आर्कच्या आधी मिटतो असं प्रत्येकाला वाटतं, तो नंतर मिटतो. माझ्या पहिल्या उस्तादांची मान आणि उजवा गाल कायम तांबडा काळवंडलेला असायचा. पन्नाशीत दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. कशामुळे झालं ते मी सांगू शकत नाही, पण माझ्या शॉपमध्ये शिल्डशिवाय टाका मारणाऱ्याला त्या दिवशी घरी पाठवतो.

हात मोकळा राहत नाही ही खरी अडचण आहे. त्यासाठी ऑटो-डार्क हेल्मेट घ्या. काच आधी उजळ असते, आर्क लागताच काळी होते.

अण्णा_उद्यमनगर (मंगळवार, ९.४०)

ते ऑटोचं मला पटत नाही. सेल संपला, सेन्सरवर हात आला, की काच काळी व्हायची नाही. साध्या काचेला बिघडायला काही नाहीच.

निशिगंध (मंगळवार, १०.०५)

अण्णा, शंका रास्त आहे. पण चांगल्या ऑटो-डार्क काचेत अतिनील आणि अवरक्त किरणं अडवणारा थर कायम असतो, काच उजळ असतानाही. सेन्सर चुकला तर डोळे दिपतात, पण रात्री दोनची वेळ येत नाही. मात्र ते प्रमाणित असलं तरच. रस्त्यावरचं बिनशिक्क्याचं घेण्यापेक्षा अण्णांची साधी ११ नंबरची काच हजारपट बरी.

भोसरीकर (मंगळवार, १०.३०)

आणि रोज सुरू करताना उन्हाकडे धरून काच काळी होते का बघायचं. अण्णा, शिकायला साधी आणि टाक्यांना ऑटो, चालेल?

अण्णा_उद्यमनगर (मंगळवार, ११.००)

चालंल.

सुगरण (मंगळवार, दुपारी १.२०)

विषय थोडा बाजूला जातोय, पण इतके जाणकार पुन्हा कुठे भेटणार. माझा आजीचा बिडाचा तवा पडून तडकला. बोटभर चीर आहे. वेल्डिंग होईल का?

अण्णा_उद्यमनगर (मंगळवार, २.३५)

बाई, नको करू. बिडात कार्बन लई, साध्या रॉडनं मारलं तर गार होता होता शेजारी नवी चीर पडती. बिडाला निकेलचा रॉड लागतो, आधी तापवायचं, थोडं थोडं मारायचं, हातोडीनं हलकं ठोकायचं आणि राखेत पुरून सावकाश गार करायचं. आम्ही इंजिनाची, पंपाची बॉडी अशी जोडतो, चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून, म्हणजे चीर पुढं पळत नाही. पण तव्यावर भाकरी भाजायची. निकेल पोटात कशाला? आजीची आठवण भिंतीला टांग.

सुगरण (मंगळवार, २.५०)

टांगते. धन्यवाद अण्णा.

खारा वारा (मंगळवार, रात्री ९.१५)

रानवेलताई, जाळीला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाईप घेणार असाल तर सावधान. आमच्याकडे खाऱ्या हवेमुळे सगळे जीआयच घेतात. पडवीच्याच कामाला आमचा वेल्डर बंद खोलीत जीआय जोडत होता. पांढरा दाट धूर, खोलीभर कापसासारखे धागे तरंगत होते. संध्याकाळी त्याला हुडहुडी भरून ताप, तोंडात गोडसर धातूची चव. दोन दिवसांत बरा झाला, तिसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. 'दूध प्यायलं की होतं बरं' म्हणाला.

निशिगंध (मंगळवार, ९.५०)

हा जस्ताचा ताप. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, लोखंड वितळायला १५०० च्या आसपास लागतात. म्हणजे लोखंड वितळायच्या कितीतरी आधी वरच्या मुलाम्याची वाफ होऊन नाकात जाते. दुधानं ती अडत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचा मुलामा दोन-तीन इंच घासून काढायचा, काम उघड्यावर, वारा पाठीवरून नव्हे तर एका बाजूनं येईल असं बसायचं, आणि डोकं धुराच्या झोतात घालायचं नाही. घासतानाही मास्क.

साध्या लोखंडाचा धूरही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. महिन्यातून एकदा मोकळ्या हवेत काम करणाऱ्यानं घाबरून जायचं कारण नाही, पण चांगला एन९५ मास्क शिल्डच्या आत घालायला काय हरकत आहे? स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमिअमचं घातक रूप असतं, ते घरी करूच नका.

रानवेल (बुधवार, सकाळी ६.३०)

सगळं वहीत उतरवून घेतेय. एक प्रश्न राहिला. गव्हाणीसाठी डिझेलचा रिकामा बॅरल पडून आहे. उभा कापून दोन भाग केले तर दोन गव्हाणी होतील. आधी गरम पाण्यानं धुते.

दर्यावर्दी (बुधवार, ६.४२)

नको. आजवर या धाग्यात फक्त वाचत होतो, हे वाचून लिहितोय. त्या बॅरलला ग्राइंडर लावू नका, वेल्डिंग लावू नका.

मी आखातात जहाजदुरुस्तीच्या यार्डात आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त मारते. भरलेल्यात हवा नसते. रिकामीत तळाशी, शिवणीत, गंजाखाली डिझेल उरतं, तापलं की वाफ होते, आत हवा असतेच. पाण्यानं धुतलेलाही चालत नाही, शिवणीतलं निघत नाही. आमच्याकडे टाकीत गॅस मोजून लेखी परवाना मिळाल्याशिवाय कुणी ठिणगी पाडत नाही. घरी ते यंत्र नाही, म्हणून घरी ते काम नाही. नवा पत्रा घ्या.

गोबरगॅस आहे का तुमच्याकडे? जुन्या पद्धतीच्या लोखंडी तरंगत्या डोमला भोक पडलं की लोक जागेवरच टाका मारायला जातात. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की ठिणगीनं स्फोट होतो. डोम पूर्ण उचलून बाहेर काढून, उलटा उघड्यावर ठेवून, गॅस पूर्ण निघाल्याशिवाय नाही. आणि तेही अनुभवी माणसानं.

कडबा, गवताची गंजी, शेणाच्या गोवऱ्या. ठिणगी दहा-अकरा मीटर घरंगळत जाते. दोन बादल्या पाणी, एक घमेलं वाळू जवळ ठेवा. विजेचं यंत्र चालू असताना त्यावर पाणी नाही, आधी मेन बंद. काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका. आगी काम चालू असताना लागत नाहीत, चहाला गेल्यावर लागतात.

चहाबाज (बुधवार, ७.०५)

चहा तिथेच मागवा. (हे मी मनापासून म्हणतोय.)

रानवेल (बुधवार, ७.२०)

बॅरल भंगारात देते. तुमच्यामुळे मोठं काहीतरी टळलं असं वाटतंय. गोबरगॅस होता, सासऱ्यांनी कधीच बंद केला.

भोसरीकर (बुधवार, ९.००)

दर्यावर्दी, धन्यवाद. हे माझ्याकडून सुटलं होतं.

जाता जाता ग्राइंडरचं. वेल्डिंगपेक्षा माझ्या शॉपमध्ये ग्राइंडरनं जास्त माणसं जखमी झाली आहेत. गार्ड काढायचा नाही. कापायच्या पातळ चकतीनं घासायचं नाही, ती बाजूनं दाबली की फुटते. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख असते, ती बघा. ११,००० फेऱ्यांनी फिरणारी चकती फुटली तर तुकडा दिसायच्या आत लागलेला असतो. वेल्डिंगच्या शिल्डखालीही पारदर्शक चष्मा घालूनच राहा, स्लॅग ठोकताना तो गरम पापुद्रा सरळ डोळ्यांकडे उडतो.

रानवेल (पंचवीस दिवसांनी, रविवार, सायंकाळी ५.४०)

मंडळी, हिशोब द्यायला आले.

अर्थिंगचा खड्डा तपासून घेतला, खरंच कोरडा होता. स्वतंत्र पॉइंट काढला. सांगलीहून इन्व्हर्टर आणि दोन शिल्ड आणल्या, एक सासऱ्यांसाठी. ते रोज समोर खुर्ची टाकून शिल्ड धरून बसतात आणि 'रॉड लांब गेला' म्हणून ओरडतात. त्यांना भज्यांचा आवाज मी सांगितला होता.

पहिल्या दिवशी अकरा रॉड चिकटले. दुसऱ्या दिवशी ओळ आली, पण स्लॅग ठोकला तर खाली मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं. पट्टीवर गंज होता. घासून घेतल्यावर भोकं गेली. चौथ्या दिवशी पहिला जोड मारला, वरून सुंदर दिसत होता. अण्णा, तुम्ही आयटीआयत करत असाल तसं म्हणून पान्यात धरून हातोडीनं फोडला. एका फटक्यात सुटला. आतली कड जशीच्या तशी सरळ होती, नुसतं वर थापलं होतं. त्या रात्री फार वाईट वाटलं. मग अँपिअर ७० वरून ८५ केले, हात सावकाश केला. बाराव्या दिवशीचा जोड फुटला नाही, पट्टी वाकली.

काल फाटक केलं. चारही कोपऱ्यांना आधी टाके, मग दोन्ही कर्ण मोजले, ४ मिमीचा फरक होता, ठोकून जुळवला आणि मग समोरासमोरचे कोपरे आलटून-पालटून भरले. बिजागऱ्या दोन्ही नव्या. आज सकाळी बसवलं.

चहाबाज (रविवार, ५.५५)

म्हशीनं तपासलं का?

रानवेल (रविवार, ६.०८)

दुपारी शिंगानं दोनदा ढुसलं, फाटक हललं नाही. पण आता जवळून बघितलं तर खालच्या बिजागरीच्या जोडाच्या शेवटी, जिथे रॉड उचलला तिथे, खळगा आहे आणि त्यात केसाएवढी चीर दिसतेय. अण्णा, त्यावर अजून एक टाका मारू?

अण्णा_उद्यमनगर (रविवार, ७.३०)

पोरी, पट्टी वाकली आणि जोड राहिला, तिथंच तू पास झालीस.

चिरेवर वरनं थापू नको, ती खाली तशीच राहती. ग्राइंडरनं तेवढा भाग चीर दिसेनाशी होईपर्यंत उकरून काढ, मग भर. शेवटाला आलीस की रॉड लगेच उचलू नको, जरा थांब, अर्धा सेंटिमीटर मागं ये, खळगा भरला की मग उचल. आणि फाटक खाली काढून आडवं ठेवून कर. उभं मारायचं अजून शिकायचंय तुला, त्याला वेगळा हात लागतो. ते पुढच्या रविवारी सांगतो. तोवर रात्री फाटकाला सुतळीबी बांध.